रमण्याबद्दल आमच्या तक्रारी

एखादी जमीन निकामी आहे हे ठरवायला किती वेळ लागत असेल, असं तुम्हाला वाटतं?

आमच्या रमण्याच्या बाबतीत तो वेळ मी स्वतः पाहिला आहे. पांढरी गाडी जालना रोडवरून खाली उतरली, काचा बंद ठेवूनच शंभरेक पावलं आत आली, वळायला जागा शोधली, वळली आणि गेली. मध्ये एक काच थोडी खाली झाली. फोन धरलेला एक हात बाहेर आला, त्यानं एक फोटो काढला आणि काच पुन्हा वर गेली. मे महिना होता, दुपारचे दोन वाजले होते. आतल्या माणसांनी बाहेर पाय ठेवला नाही याचा मला मुळीच राग नाही. मेमध्ये दुपारी दोन वाजता आमच्या गावची कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. पण कुत्री अहवाल लिहीत नाहीत.

अहवाल पावसाच्या तोंडावर आला. शहराभोवतीच्या गावांचा नवा विकास आराखडा झाला होता आणि त्याचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, लसीकरणाच्या जाहिरातीच्या शेजारी चिकटवला होता. नकाशात शेतं हिरवी होती, तलाव निळा होता आणि रमणा पिवळा. पिवळा म्हणजे काय ते कोपऱ्यातल्या चौकटीत दिलं होतं: रहिवासी विभाग. सोबतच्या कागदात रमण्यापुढं दोन शब्द होते, ‘पडीक, विनावापर’. कुणाला काही हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी, असंही खाली म्हटलं होतं.

आमचं गाव करमाडच्या अलीकडं. गाव आणि जालना रोड यांच्या मधे गवताचा एक मोठा माळ आहे, त्याला सगळे रमणा म्हणतात. निजामाच्या राज्यात तिथलं गवत सरकारी घोड्यांसाठी राखलेलं असायचं. पोलीस ॲक्शन झाली, घोडे गेले, घोड्यांवर बसणारेही गेले. गवत कुठं गेलं नाही. ते आता कुणाचं, हे ठरवायला त्या गडबडीत कुणाला सवड नव्हती, म्हणून ते गावाचं झालं. कागदोपत्री गायरान, बोलण्यात रमणा.

राखणीची रीत मात्र घोड्यांच्या वेळचीच राहिली. पहिल्या पावसापासून दसऱ्यापर्यंत रमण्यात जनावर सोडायचं नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव विळे घेऊन निघतं. गावाकडच्या वरच्या अंगाला उंच गवत वाढतं. त्याचे पट्टे आजोबांच्या पिढीनं चिठ्ठ्या टाकून वाटून दिलेत, ज्या घराला जो पट्टा आला त्यानं तो कापायचा. रोडकडच्या खालच्या अंगाला दगड जास्त आणि गवत आखूड. तिथं विळा चालत नाही, मेंढराचं तोंड तेवढं चालतं. म्हणून तो भाग मेंढरांचा, त्याला बंदी लागू नाही. पाझर तलावही तिथंच आहे. वरची कापणी संपली की मेंढरं वरही फिरतात आणि उरलेली बुडखी खातात. मेपर्यंत रमण्यावर काडी शिल्लक राहत नाही. तेव्हा गाडीतल्या माणसांनी पाहिलं ते खरंच होतं. जेवण झालेलं ताट पाहून या घरात अन्न शिजत नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला, एवढंच.

मेंढरं आता गावात एकाच घराची राहिली आहेत. रोडपलीकडच्या धनगरवाडीतले बाकीचे कारखान्यांत गेले, कुणी बागायतीत मजुरीला. एक बाई राहिली. गावाच्या नात्यानं मी तिला आत्या म्हणते. वय साठीच्या घरात, नवरा वारलेला, सातबारा कधीच नव्हता. साठ-सत्तर मेंढरं एवढाच संसार. रमण्याचा रंग बदलला तर आमच्यापैकी बहुतेकांना कडबा विकत आणावा लागणार होता. तिला मेंढरंच विकावी लागणार होती. तिचा मुलगा वाळूजला राहतो. त्यानं तिच्यासाठी तिथल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ताटं घासायचं काम बघूनही ठेवलं होतं. मुलगा वाईट नाही. सावलीतलं काम आहे, असं तो तिला समजवायचा. आणि ती त्याला विचारायची की एवढी सावली घेऊन मी करू काय.

आता मी काय केलं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझे वडील शाळेत मास्तर, पण त्यांचा जीव पत्रकांत. मराठवाड्यात ज्या ज्या गोष्टीसाठी कधी मोर्चा निघाला, त्यातल्या बहुतेकांची पत्रकं आमच्या घरात सापडतील. डाळीच्या डब्याखाली पत्रक, वह्यांना कव्हर पत्रकाचं, कपाटाच्या हलणाऱ्या पायाखाली पाणीप्रश्नाची अख्खी गड्डी. मला ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्याआधी ‘निषेध’ वाचता यायचा. त्यामुळं नकाशा पाहिल्याबरोबर आता काय करायचं हे मला बरोबर ठाऊक होतं, आणि कुणाला विचारायची गरज वाटली नाही.

मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. त्यात भांडवलशाहीचा अक्राळविक्राळ जबडा होता, रक्त आणि घाम होता, इतिहास कुणाला तरी माफ करणार नव्हता. शाळेच्या वर्गात गाव जमवून मी ते वाचून दाखवलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. एकानं जबडा कुणाचा म्हणायचा, आमदाराचा का, अशी चौकशी केली, कारण तसं असेल तर त्याला सही करायला अडचण होती. आत्या दाराशी बसली होती. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, “समदं चांगलं हाय पोरी. पर ह्यात गवत कुठं हाय?”

मी तिला म्हणाले, ते गृहीतच आहे.

सरपंचांनी पहिली सही केली आणि सही करतानाचा फोटोही काढून घेतला. मग तीनशे प्रती निघाल्या, तीनशे सह्या आणि अंगठे झाले, आणि आम्ही सात-आठ जण ते सगळं घेऊन शहरातल्या आराखड्याच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या कारकुनानं वरचा कागद वाचला, मधला एक काढून वाचला, खालचा एक वाचला. मग सगळ्या गठ्ठ्याला सुतळी बांधली, वर एक आकडा टाकला आणि मला एक पोच दिली. एकच. मी म्हटलं, तीनशे आहेत. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, मजमून एक, तो हरकत भी एक.” नियमच तसा होता. एकाच मजकुराची हरकत कितीही जणांनी दिली तरी ती एकच धरायची. माझ्या पत्रकानं तीनशे माणसांचा एक माणूस केला होता. एकजुटीबद्दल मी त्यात बरंच लिहिलं होतं, ते असं खरं झालं.

तीस दिवसांतले चार उरले होते.

पुन्हा शाळेचा वर्ग, पुन्हा तीच माणसं, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेली. वडिलांनी सगळ्यांना कोरे कागद वाटले. मी सांगितलं की या वेळी प्रत्येकानं आपल्या हातानं, आपल्या शब्दांत लिहायचं. रमण्यात तुम्ही काय करता, कधीपासून करता आणि ते कुणाकुणाला माहीत आहे, एवढंच. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजाऱ्याला सांगावं. आणि हो, प्रत्येक कागदाची वेगळी पोच मिळेल, शिक्क्यासह.

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. आमच्या तालुक्यात दिलेल्या अर्जाची पोच मिळाल्याचं कुणाला आठवत नाही. अर्ज द्यायचा, घेणारा तो टेबलाच्या खणात टाकतो, आणि खण बंद होतो. आता एक सरकारी खिडकी माणशी एक कागद घेणार आणि त्यावर शिक्का मारून देणार, हे ऐकल्यावर वर्गातला नूरच बदलला. माणसं सरसावून बसली. एकमेकांना दिसू नये म्हणून हाताचा आडोसा करून लिहू लागली. इतकं मन लावून त्या वर्गात कुणी लिहिल्याचं वडिलांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

सगळे कागद घेऊन मी घरी आले आणि वाचायला बसले.

पहिल्यात लिहिलं होतं की वरच्या अंगाचा चिठ्ठीनं आलेला पट्टा शेजारी दरवर्षी दोन हात जास्त कापतो आणि खुणेचा दगड सरकवतो. दुसरा त्या शेजाऱ्याचाच होता: दगड आधी त्यानंच सरकवला, मी फक्त जागेवर आणला. एका बाईनं जावेबद्दल लिहिलं होतं की तिनं माझ्या पट्ट्यातलं मारवेल गवत कापून स्वतःच्या भाऱ्यात बांधलं, वर सुतळीही माझीच वापरली. एकाची म्हैस गणपतीच्या दिवसांत आत जाते. एकाचे बैल पोळ्याला सजवून मुद्दाम तिकडून फिरवतात आणि फिरवताना चारून आणतात. एका म्हाताऱ्यानं चार पानं लिहिली होती. त्यात आजोबांपासूनच्या पट्ट्यांचा वाद होता, शेवटी आत्याची मेंढरं होती, आणि ‘सोबत नकाशा जोडला आहे’ असं म्हणून त्यानं खरंच नकाशा जोडला होता. सरकारी नकाशापेक्षा तो चांगला होता. त्यात बोरीची झाडंही होती.

म्हाताऱ्याचा धरून अकरा कागद आत्यावर होते. तिची मेंढरं दसऱ्याच्या आधी वरच्या अंगात घुसतात, सांगून ऐकत नाही, उलट बोलते.

विकास आराखड्याला हरकत घेणारी एक ओळ कशातही नव्हती. गावाला न्याय हवा होता, तो शेजाऱ्याविरुद्ध हवा होता, आणि शिक्का मिळणार म्हणून तो आत्ताच हवा होता. मी रडकुंडीला आले. वडिलांना म्हटलं, हे सगळं मी रातोरात नव्यानं लिहिते, वेगवेगळ्या शब्दांत. वडील चष्मा लावून एकेक कागद वाचत होते आणि मधूनच हसत होते.

“ह्यात खोटं काय आहे?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, खोटं नाही, पण.

“तुझ्या पत्रकात खरं काय होतं?”

मी कागद होते तसे ज्याचे त्याला परत दिले. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गाव कार्यालयात गेलं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. प्रत्येकजण आपला कागद चार घड्या घालून खिशात किंवा पदराखाली धरून होता. शेजारी बसलेल्यावरच तो कागद होता, त्यामुळं खड्ड्यात ट्रॉली उसळली तरी कुणी हात सोडत नव्हतं. आमच्या गावची एकजूट मी पाहिली ती अशी. कारकुनानं तासन्‌तास शिक्के मारले, आणि प्रत्येकानं पोच वाचून, उलटसुलट करून, आतल्या खिशात ठेवली.

सुनावणी श्रावणात झाली. मोठं टेबल, त्यामागं अधिकारी, त्याच्या बाजूला लॅपटॉप घेऊन आराखडा तयार करणाऱ्या कंपनीचा तरुण माणूस. गाडीतला हात त्याचाच होता की नाही सांगता येत नाही, हात सगळ्यांचे सारखेच दिसतात. त्यानं रमण्याची माहिती वाचून दाखवली: पडीक, विनावापर, वनस्पतींचं प्रमाण नगण्य. पडद्यावर तो मेमधला फोटो होता. फोटो पाहून आमच्यातल्याच दोघा-तिघांनी खेदानं माना हलवल्या.

अधिकाऱ्यानं आमचा गठ्ठा उघडला. पहिला कागद वाचला, दुसरा वाचला, मग मागं टेकून तिसरा वाचला. त्यानं पहिल्या अर्जदाराला उभं केलं आणि दगडाबद्दल विचारलं. उत्तर यायच्या आत शेजारी उठला. दगड कुणी आधी सरकवला यावर दोघांची जुंपली. जाऊबाई सुतळीवर आल्या. म्हशीचा मालक म्हणाला की म्हैस गेली असेल एखाद्या वेळी, पण पोळ्याचे बैल कुणी बघितले नाहीत काय. चार पानांच्या म्हाताऱ्यानं आपला नकाशा टेबलावर पसरायला सुरुवात केली. शिपाई शांत बसा म्हणून ओरडत होता आणि माझी मान खाली गेली होती.

अधिकाऱ्यानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. त्यानं लॅपटॉपवाल्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं. तिथं काही उगवत नाही असं इथं लिहिलंय, तो म्हणाला, मग तुम्ही इतकी वर्षं कापताय काय?

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या लोकांच्या डोक्यात पडायला वेळ लागला, कारण ते अजून दगडावरच होते.

मग त्यानं आत्याला बोलावलं. ती टेबलापुढं जाऊन उभी राहिली, घोंगडी खांद्यावर, काठी दाराबाहेर ठेवायला लावलेली. सरपंच माझ्या पुढंच बसले होते. ते तिला हळूच म्हणाले, “नाय म्हण. गेलीच नाय म्हण.” त्यांचंही एका अर्थी बरोबर होतं. हो म्हटलं तर बंदी मोडल्याची कबुली, आणि ती सगळ्या गावासमोर. बंदी मोडणाऱ्याला आमच्याकडं शिक्षा ठरलेली आहे: दसऱ्यानंतर सगळ्यांची जनावरं वर जातात, त्याची संक्रांतीपर्यंत जाऊ द्यायची नाहीत. आत्याला हे माहीत होतं. त्या कागदांतले अकरा जणही तिथंच बसले होते, आणि त्यांनाही माहीत होतं.

अधिकाऱ्यानं विचारलं की तुमची मेंढरं बंदीच्या काळात आत जातात असे अकरा अर्ज आहेत, हे खरं आहे का.

“व्हय. जातेत.”

“दरवर्षी?”

“दरसाली जातेत. मेंढरू हाय साहेब, त्याला दसरा कळत नाय.” मग ती लॅपटॉपवाल्याकडं वळली. “तुम्ही लिवलंय तिथं काडी नाय. मंग माझी मेंढरं चोरून काय खातेत, दगूड? आन्‌ ह्या अकरा जणांनी माझ्यावर कागद केले, ते दगडापायी केले का?”

सगळं सभागृह हसलं. ते अकरा जण सगळ्यात मोठ्यानं हसले. बाहेर आल्यावर त्यांनी तिला चहा पाजला, जिलबी खाऊ घातली, येताना ट्रॉलीत पुढं बसवलं. आणि दसऱ्यानंतर, ठरल्या रीतीनं, तिच्या मेंढरांना संक्रांतीपर्यंत वरच्या अंगात बंदी घातली. तिनं कबूलच केलं होतं ना, सगळ्यांसमोर. आमचं गाव नियमाचं पक्कं आहे.

त्याआधी, पोळा झाल्यावर, साहेब स्वतः पाहणीला आले. गाडी रोडवर ठेवून चालत आले, हे मी त्यांच्या खात्यावर जमा धरते. वरच्या अंगाला गवत कमरेला लागत होतं. लॅपटॉपवाला माणूस बुटांत आला होता. कुसळीचं बी मोज्यात असं शिरतं की मोजा काढून फेकावा लागतो. तो अर्धा वेळ एका दगडावर बसून मोजे सोलत होता. नगण्य वनस्पती त्याला घोट्यापर्यंत टोचत होत्या. साहेबांनी आत्याला गवतांची नावं विचारली. पवना, मारवेल, कुसळी, शेडा, असं ती दाखवत गेली आणि ते वहीत लिहीत गेले. जाताना त्यांनी तिला नमस्कार केला. मला वाटलं, जिंकलो.

सुधारित नकाशा थंडीत आला. रमण्याचं वरचं अंग हिरवं होतं. खालचं पिवळंच.

मी शहरात जाऊन कारण मागितलं. ते लेखी होतं आणि मराठीतही बरं होतं. वरच्या भागाच्या वापराबाबत भरपूर लेखी पुरावा उपलब्ध आहे. खालच्या भागाच्या वापराबाबत एकही अर्ज आढळून आला नाही. मी गठ्ठा पुन्हा काढायला लावला आणि तिथंच बाकावर बसून सगळे कागद वाचले. खरं होतं. दगड, सुतळी, म्हैस, बैल, सगळं वरचं. आत्यावरचे अकरा अर्जही वर घुसल्याचे. आत्यानं स्वतः कागद दिलाच नव्हता, तिची कुणावर तक्रारच नव्हती. खालच्या अंगाला ती आणि तिच्याआधी तिचा सासरा वर्षानुवर्षं मेंढरं चारत आले, आणि तिथं कधी कुणी त्यांच्याशी भांडलं नाही. दगडाळ जमिनीवर भांडायला येणार कोण? भांडण नाही म्हणून अर्ज नाही, अर्ज नाही म्हणून वापर नाही. त्या हिशेबानं जो माणूस कुणाला त्रास न देता जगतो तो जगतच नसतो.

गावात तोवर फलक लागला होता. ‘रमणा वाचला, एकजुटीचा विजय’, आणि खाली सरपंचांचा तोच सही करतानाचा फोटो. गुलाल उधळला गेला. मी सरपंचांच्या दारात जाऊन म्हटलं, अर्धाच वाचलाय. ते म्हणाले, “आपले पट्टे वाचले का नाय? मंग आता दगडासाठी कामून जीव खातीस, पोरी?” खालच्या अंगाला लागून कुणाकुणाची शेतं आहेत आणि शेजारची जमीन रहिवासी झाली की त्यांचं काय होतं, हे मी इथं लिहिणार नाही. नकाशात दिसतं. फलकावरचा फोटोही पुरेसा मोठा आहे.

मी पुन्हा लिहायला बसले, ‘विश्वासघात’ हा शब्द शीर्षकात टाकून. दोन ओळी झाल्या असतील, तर आत्या दारात. संक्रांत व्हायची होती. वर बंदी, खाली पिवळा रंग. मेंढरं घेऊन ती रोज सकाळी निघत होती ती त्या पिवळ्यावरच. बाजाराच्या दिवशी एक व्यापारी येऊन कळप पाहून गेला होता. तिनं त्याला महिन्यानं ये म्हणून सांगितलं होतं, कारण सुधारित नकाशावर हरकत द्यायला महिना आहे हे तिला कळलं होतं. मी काय लिहितेय ते तिनं विचारलं नाही. म्हणाली, “कोरे कागद दे मला. अकरा.”

मी तिच्याबरोबर गेले. ती त्या अकरा घरांत एकेक करून गेली, ओसरीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “मागं माझ्यावर लिवलं व्हतं, आता पुन्ना लिव. खाली चारते, तलाव गढूळ करते, रोडवर मेंढरं आडवी घालते. काय वाटंल ते लिव. फक्त खालचं लिव.”

आणि मग आमचं गाव एकाएकी इतकं सज्जन झालं की मला ओळखू येईना. छे, आत्या, तुझ्याबद्दल आमची काय तक्रार असणार. तू तर गरीब बाई. मागं झालं ते रागाच्या भरात झालं, मनात ठेवू नको. एकानं तिच्या पाया पडायची तयारी दाखवली, पण कागदाला हात लावला नाही. एकाचा भाऊ खालच्या अंगाला लागून जमीन बघत होता. एकानं विचारलं की या वेळी पोच मिळते का, आणि मिळते म्हटल्यावरही विचार करून सांगतो म्हणाला. अकरापैकी चौघांनी लिहिलं. त्यातला एक तो चार पानांचा म्हातारा. त्याच्या अंगणात आत्या अर्धा तास बसली होती आणि तो तिच्याविरुद्ध लिहीत होता, अधूनमधून थांबून तिलाच विचारत, “तुझा सासरा तिकडं कोणत्या साली मेंढरं घिऊन आला गं, पोलीस ॲक्शनच्या आदी का मागून?” ती सांगत होती. तो लिहीत होता, की त्या सालापासून या लोकांचा खाली सतत उपद्रव आहे.

स्वतःचा कागद तिनं मला सांगून लिहून घेतला. तो असा: खालच्या अंगाला माझी मेंढरं चरतात. माझ्या सासऱ्याची चरत होती. तलावावर पाणी पितात. आजवर कुणी भांडायला आलं नाही, म्हणून कागद नाही.

आणखी काही लिहू का, मी विचारलं. माझ्याकडं पुष्कळ शब्द होते.

“नगं,” ती म्हणाली.

पाच कागद झाले आहेत. शिक्के मिळाले आहेत. त्या खिडकीतला कारकून आता मला ओळखतो. त्याचं म्हणणं, पाचानं काही व्हायचं नाही, भरपूर पाहिजेत आणि मजमून वेगवेगळे पाहिजेत. महिन्यातले बारा दिवस उरले आहेत आणि गावातली तक्रार करणारी माणसं संपली आहेत. म्हणून हे तुमच्यासाठी लिहिलं.

तुम्ही जालना रोडनं ये-जा करत असाल, तर करमाडच्या अलीकडं, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, मेंढरांनी तुमची गाडी कधीतरी अडवली असेल. आत्याची वस्ती रोडच्या पलीकडं आहे, तिला दिवसातून दोनदा रोड ओलांडावाच लागतो. तुम्ही हॉर्न वाजवला असेल. काच खाली करून तिला काहीबाही बोललाही असाल, आणि ती तुम्हाला उलट बोलली असेल. कृपा करून ते लेखी द्या. कोऱ्या कागदावर, आपल्या हातानं: कधी, कुठं, किती वेळ खोळंबलात, मेंढरं रमण्याच्या खालच्या अंगातून आली की तिकडं निघाली होती. खाली सही करा, आराखड्याच्या कार्यालयात खिडकीवर द्या आणि पोच घ्या. माझं पत्रक मागू नका, मी ते फाडलं आहे. तिच्याविरुद्ध तुमच्या मनात जे आहे तेच लिहा, आणि या बारा दिवसांत लिहा.